केसीएनएच२ जनुकात दोष निघाला म्हणजे नेमकं काय, आणि काय सांभाळायचं?

तुम्ही लिहिलंय की बहीण दोनदा बेशुद्ध होऊन पडली, जनुकीय तपासणीत 'केसीएनएच२' मध्ये रोगकारक बदल निघाला आणि डॉक्टरांनी उशाशी गजर लावायचा नाही असं बजावलं. याचा एकमेकांशी संबंध काय, आणि तुम्हीही तपासून घ्यावं का, हा तुमचा प्रश्न. मी डॉक्टर नाही. औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. नवीन रेणू याच जनुकाच्या प्रथिनाला अडवतात का, हे तपासणं माझं काम. त्या बाजूने सांगतो.

हे जनुक सातव्या गुणसूत्रावर असतं. त्यावरून ११५९ अमिनो आम्लांचं प्रथिन बनतं आणि अशी चार प्रथिनं जुळून पेशीच्या आवरणात पोटॅशियमची एक वाहिनी तयार होते. आमच्याकडे तिला सगळे 'हर्ग' म्हणतात. हृदयाच्या पेशीत ठोक्यागणिक विद्युतदाब चढतो, आणि पुढच्या ठोक्याआधी तो उतरावा लागतो. पोटॅशियम बाहेर पडलं की तो उतरतो. हर्गचा स्वभाव जरा विचित्र आहे: दाब चढताना ती उघडते, पण उघडल्या उघडल्या आतून अडते. दाब उतरू लागला की अडसर सुटतो आणि खरा प्रवाह तेव्हा वाहतो.

ती कमी पडली की दाब उतरायला उशीर होतो, ईसीजीत क्यूटी अंतर, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतला विद्युतदाब चढून उतरेपर्यंतचा वेळ, लांबतं. या आजाराला लाँग क्यूटी म्हणतात. अशा वेळी अवेळी ठोका पडला तर हृदयाचा ताल भलताच बिघडू शकतो. मेंदूला रक्त पोचत नाही, माणूस कोसळतो. बहुतेकदा ताल आपोआप सावरतो. नाही सावरला तर जीव जातो. फिट समजून अपस्माराच्या गोळ्या घेत राहिलेले रुग्णही असतात.

जनुकाच्या दोनपैकी एकच प्रत बिघडलेली असताना एवढं का व्हावं? कारण वाहिनी चार तुकड्यांची. सदोष तुकडे चांगल्यांत मिसळत असतील, तर चारही तुकडे चांगले निघण्याची शक्यता १६ त १. सगळे बदल असे नसतात. कित्येकदा सदोष प्रथिन आवरणापर्यंत पोचतच नाही आणि मग निम्मं काम तरी चालतं.

आता गजर. लाँग क्यूटीचे प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात, म्हणजे केसीएनक्यू१ या वेगळ्या जनुकातल्या दोषात, पळणं, विशेषतः पोहणं घातक ठरतं. बहिणीच्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारात, शांत असताना अचानक कानावर आदळणारा आवाज: गजर, फोन, दारावरची बेल. दचकल्यावर ॲड्रेनलिन एकदम उसळतं आणि हर्गची उणीव तिथेच उघडी पडते. बाळंतपणानंतरचे महिनेही या प्रकारात जोखमीचे असतात, हे तिच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

या जनुकाचा माग मुळात फळमाशीतून लागला. ईथर दिलं की पाय थरथरवणाऱ्या माश्या होत्या. त्यांच्या जनुकाशी मिळतंजुळतं मानवी जनुक १९९४ मध्ये सापडलं आणि १९९५ मध्ये यूटामधल्या संशोधकांनी त्याचा लाँग क्यूटीशी संबंध दाखवला.

माझ्या मते तुमच्या घरासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट औषधांची आहे. हर्गच्या आतल्या पोकळीत नाना तऱ्हेची औषधं जाऊन अडकतात, म्हणून निरोगी माणसाचीही क्यूटी लांबू शकते. ॲलर्जीवरचं टर्फेनाडिन अमेरिकेत १९९८ मध्ये बाजारातून गेलं ते यामुळेच. यकृत त्याचं फेक्सोफेनाडिन करतं, ते निर्धोक आहे आणि आजही विकलं जातं; पण सोबत बुरशीवरचं केटोकोनॅझोल किंवा एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक घेतलं की यकृताचं हे काम अडायचं आणि मूळ औषध रक्तात साठायचं. पोटाच्या विकारांवरच्या सिसाप्राइडवर भारतात २०११ मध्ये बंदी आली. २००५ पासून तर नव्या औषधांची हर्गवर चाचणी करण्याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंच आहेत. माझी नोकरी त्यावरच चालते म्हणा.

आपल्याकडे ॲसिडिटी झाली की दुकानदार चिठ्ठीशिवाय जी कॅप्सूल हातात ठेवतो, तिच्यात बरेचदा डोम्पेरिडोन असतं. तेही हर्ग अडवतं. उलटीवरचं ऑन्डान्सेट्रॉन, क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक, बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल, मनोविकारांवरचं हॅलोपेरिडॉल हीसुद्धा त्याच यादीतली. बहिणीच्या पर्समध्ये निदानाची चिठ्ठी असू द्या, आणि दाताच्या डॉक्टरांनाही ती दाखवू द्या. जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम घसरलं तर धोका वाढतो, तेव्हा घरी वाट बघत बसू नका. ॲड्रेनलिनचा हृदयावरचा परिणाम रोखणारं बीटा ब्लॉकर दिलं असेल तर बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करायचं नाही.

तुमचं म्हणाल, तर हो, तपासा. हा दोष आईकडून किंवा वडिलांकडून आला असेल तर तुमच्यातही असण्याची शक्यता निम्मी. ईसीजी नॉर्मल आला म्हणून सुटलो असं धरू नका. दोष असूनही तो नॉर्मल येऊ शकतो. अनेक जनुकांची एकत्र तपासणी, म्हणजे अख्खं पॅनेल, करायची गरज नाही, बहिणीच्या रिपोर्टात जो बदल लिहिलाय तेवढाच शोधायला सांगा, खर्चही कमी येतो. रिपोर्ट सोबत न्या आणि आईवडिलांनाही त्याच वेळी घेऊन जा.