कासवाच्या पाठीवरची जमीन

प्रश्न : अमेरिकेतील इरोक्वा लोकांच्या सृष्टिकथेतही पृथ्वी कासवाच्या पाठीवर आहे, असे वाचले. हा आपला कूर्मावतारच का?
(एक वाचक, चोपडा, जि. जळगाव)

उत्तर : साम्य कासवापुरतेच आहे. आपला कूर्म हा विष्णूचा अवतार असून समुद्रमंथनात तो मंदर पर्वत पेलतो. इरोक्वांचे कासव मात्र निव्वळ कासव आहे, आणि कथेचे खरे कर्तेपण अशा साध्या प्राण्यांकडेच आहे. आकाशलोकातील वृक्ष उपटल्यामुळे पडलेल्या भगदाडातून एक गर्भवती स्त्री कोसळते, तेव्हा खाली नुसते पाणी असते. पाणपक्षी तिला पंखांवर झेलतात आणि अनेक पाठांनुसार मस्करॅट हा घुशीसारखा लहानसा पाणप्राणी तळाशी बुडी मारून पंजात चिमूटभर चिखल आणतो. तोच कासवाच्या पाठीवर वाढत जाऊन जमीन होतो. पुढे तिची मुलगी जुळ्यांना जन्म देताना मरते व तिच्या देहातून मका, घेवडा, भोपळा उगवतात, असेही काही पाठ सांगतात. कपाशीत तूर-मूग घेणाऱ्या खान्देशी शेतकऱ्याला या तीन पिकांची एकाच शेतातली सोबत चटकन उमगेल : घेवडा मक्याच्या ताटावर चढतो आणि भोपळ्याची रुंद पाने ओल धरून तण दाबतात.