कोंबड्यांना खरंच वेगवेगळे स्वभाव असतात का?

तुम्ही लिहिलंय की मुलांच्या हट्टाखातर परसात पाच-सहा पिल्लं आणली, ती आता दोनेक महिन्यांची झालीत आणि प्रत्येकीचं वागणं निराळं दिसतंय. हा खरोखरचा स्वभाव, की आपल्याच मनाचे खेळ?

खरोखरचा स्वभाव. आमचं घर संगमेश्वर तालुक्यातलं, आजीच्या वेळेपासून मागीलदारी कोंबड्या आहेत. एकाच कोंबडीखाली एकाच दिवशी निघालेली पिल्लंसुद्धा वागायला सारखी निघालेली मी पाहिलेली नाहीत.

सध्याच्या कोंबड्यांपैकी काजळी ही ब्लॅक ऑस्ट्रलॉर्प जातीची. सकाळी खुराड्याची फळी सरकवली की पहिली बाहेर ती, आणि तडक स्वयंपाकघराच्या दाराशी. आई सुपात तांदूळ पाखडायला बसली की हिला आवाजावरून कळतं. मुलं तिला खुशाल मांडीवर घेतात, ती डोळे मिटून बसते. शेवंती गावठी, अंगानं लहान आणि कमालीची सावध. मध्यंतरी विहिरीजवळ एक निळा ड्रम आणून ठेवला. काजळीनं लगेच जाऊन त्यावर चोच मारून पाहिली. शेवंती मात्र लांबूनच एकदा या डोळ्यानं, एकदा त्या डोळ्यानं बघत राहिली, आणि दाणे ड्रमच्या बाजूला पडले होते तरी तिकडे फिरकली नाही. असं मान तिरकी करून बघण्यालाही अर्थ आहे. पिल्लांवरच्या प्रयोगांत असं दिसलंय की खडे आणि दाणे वेगळे करताना ती उजव्या डोळ्यावर भिस्त ठेवतात, आणि वरून येणाऱ्या संकटावर नजर ठेवायला डावा डोळा जास्त वापरतात.

शेवंतीच्या या सावधपणाची किंमत आम्हाला ठाऊक आहे. घार दिसली की सगळ्यांत आधी ओरडते ती हीच. वरून घार आली तर एक लांब, बारीक आवाज निघतो आणि सगळ्या जागच्या जागी दबतात. मुंगूस किंवा बोका आला तर कॉक-कॉक-कॉक असा गलका सुरू होतो आणि माना उंच होतात. हे दोन आवाज ओळखायला शिका, म्हणजे घरात बसून कळेल की वर बघायचं की कुंपणाकडे.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे बहुतेकांची गल्लत होते. कळपातला मान आणि स्वभाव या दोन निराळ्या गोष्टी. कोण कुणाला टोचणार याची उतरंड कोंबड्या स्वतःच लावतात. थोरलाइफ शेल्डरप-एब नावाच्या नॉर्वेजियन अभ्यासकानं १९२१-२२ च्या सुमारास ती पहिल्यांदा शास्त्रीय रीतीनं मांडली, आणि तेही घरच्या कोंबड्या लहानपणापासून बघून. आमच्याकडे वरचा मान भिंगरी नावाच्या तिसऱ्या कोंबडीचा. दाण्यांवर पहिली चोच तिची, रात्री दांडीवर मधली जागा तिची. पण धीट म्हणाल तर ती नाही. अनोळखी माणूस आला की सगळ्यांत आधी तीच पळते. उलट धीट काजळी तिच्यापुढे निमूट बाजूला होते.

तुमची पिल्लं आत्ता नेमकी ही उतरंड ठरवण्याच्या वयात आहेत. छातीला छाती भिडवणं, एकमेकींवर उडी घेणं, हे चालू द्या. रक्त निघत नाही तोवर मध्ये पडू नका. फक्त खाण्यापाण्याची भांडी दोन ठेवा आणि एकमेकांपासून लांब, म्हणजे खालच्या मानाची उपाशी राहत नाही. एखादी कायम कोपऱ्यात दिसते म्हणून ती बुजरीच असेल असं नाही. एकटीला दाणे टाकून बघा, खरा स्वभाव तेव्हा कळतो.

वयानुसारही वागणं पालटतं. पाचेक महिन्यांची तलंग, म्हणजे वयात येणारी कोंबडी, झाली की तुरा लालबुंद होतो, आणि हात लावताच पाठ खाली घेऊन, पंख जरासे फाकवून ती जागीच बसते. मुलांना वाटेल की ही माणसाळली. ती अंड्यावर येतेय, इतकाच त्याचा अर्थ. पुढे एखादी खुडूक बसेल, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडेल. तेव्हा तर एवढी लाघवी काजळीसुद्धा पंख फुलवून अंगावर येते, पोटाखाली हात घालू देत नाही. हा प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा परिणाम. अंड्यांसाठी निवडून वाढवलेल्या लेगहॉर्न जातीमध्ये खुडूक बसणं जवळपास उरलेलं नाही, गावठीत मात्र भरपूर आढळतं. शेवंती तर या एका काळात भीती पार विसरते. मागच्या पावसाळ्यात ती पिल्लं घेऊन हिंडत असताना शेजारच्या बोक्यावर सरळ धावून गेली होती, आणि बोका पळाला!

प्रत्येकीचा स्वभाव ओळखून ठेवा असं मी कळकळीनं सांगते, कारण आजारपण सगळ्यांत आधी तिथे दिसतं. कोंबडी दुखणं लपवते. लपवता येईनासं होतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. शेवंती फळी उघडल्यावर बाहेर आली नाही तर मी थांबून बघते, पण घाबरत नाही. काजळी आली नाही तर हातातलं काम टाकून तिला उचलते. पंख पाडून, पिसं फुलवून उभी आहे का, विष्ठा हिरवी आहे का, गळ्याखालची अन्नाची पिशवी रिकामी आहे का, हे पाहते आणि तिला लगेच वेगळी ठेवते. राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग आला तर अख्खं खुराडं मोकळं व्हायला वेळ लागत नाही. त्यावरची लासोटा लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात आणि पुढे पुन्हा द्यावी लागते. तुमच्या पिल्लांना ती मिळालीय का हे ज्यांच्याकडून आणली त्यांना आजच विचारा, आणि नसेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन या.