‘ग्रुप ए’ म्हणजे पहिला दर्जा नव्हे

विचारणा अशी आहे: मुलीच्या घशाच्या स्वॅबच्या रिपोर्टवर ‘बीटा हिमोलायटिक स्ट्रेप्टोकोकस, ग्रुप ए’ असं आलंय. याला मराठीत काय म्हणायचं? आजी ‘घटसर्प’ म्हणतात, ते बरोबर का?

घटसर्प नको. तो डिप्थेरिया. त्याचा जंतू निराळा, आणि त्यावर लस आहे. ग्रुप ए स्ट्रेप्टोवर अजून नाही.

ग्रीकमध्ये ‘स्ट्रेप्टोस’ म्हणजे पिळलेलं, वळलेलं आणि ‘कोकोस’ म्हणजे दाणा. व्हिएन्नातले सर्जन थिओडोर बिलरोथ यांनी १८७४ मध्ये माळेसारख्या दिसणाऱ्या या जंतूंना हे नाव दिलं. मराठीत ‘मालागोलाणू’ असा प्रतिशब्द वाचायला मिळतो. शब्द देखणा आहे, पण दवाखान्यात तो कुणी उच्चारेल असं वाटत नाही.

आता रिपोर्टमधली अक्षरं. रक्त घातलेल्या अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) बशीत जंतू वाढवले, की काहींच्या ठिपक्याभोवती तांबड्या पेशी पार विरघळून स्वच्छ कडं उमटतं. ते बीटा. हिरवट झाक आली तर अल्फा. न्यूमोनियावाला न्यूमोकोकस यातलाच. ‘ग्रुप ए’, ‘ग्रुप बी’ ही वाटणी रेबेका लान्सफील्ड यांनी १९३३ मध्ये जंतूच्या भित्तीतल्या कर्बोदकांवरून केली. आजार किती जोराचा आहे, हे या अक्षरांवरून कळत नाही. ग्रुप बी नवजात बाळांना जिवावर बेतू शकतो.

गंमत म्हणजे या एकाच ग्रुप ए जंतूच्या आजारांना आपल्याकडे लक्षणांवरून वेगवेगळी नावं आहेत. चेहऱ्यावर किंवा पायावर लालभडक, उंच काठाचा चट्टा पसरत जातो ते धावरे. नावात ‘धावणे’ ऐकू येतं, आणि आयुर्वेदातल्या ‘विसर्प’ शब्दातही पसरणंच आहे. अंगभर लाल पुरळ येणारा तो लोहितांग ज्वर. बाळंतज्वरामागेही बऱ्याचदा हाच. त्यामुळे सगळ्यांना मिळून एकच मराठी नाव शोधण्यात अर्थ नाही.

तुमच्यापुरतं ‘घशाला स्ट्रेप्टोची लागण’ म्हणा, सगळ्यांना कळेल. पण घसा दोन दिवसांत बरा वाटला म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. उपचार अर्धवट राहिले, तर दोन-तीन आठवड्यांनी सांधे धरणारा आणि हृदयाच्या झडपा खराब करणारा संधिज्वर येऊ शकतो. या जंतूवर पेनिसिलिन आजही चालतं.

आणि हो, स्ट्रेप्टोमायसिनमधला ‘स्ट्रेप्टो’ पाहून फसू नका. ते नाव ज्या स्ट्रेप्टोमायसिस जंतूपासून औषध मिळालं त्याचं. औषध गाजलं ते क्षयरोगावर.