जागतिक ब्रँड टीमसाठी अंतर्गत ॲप: आराखड्यापूर्वीचा विचार

पहिल्याच पडद्यावर चॅट ठेवण्याचा मोह नवख्या डिझायनरला होतो, मलाही झाला होता. परंतु ब्रँड टीममधील माणूस बहुधा गप्पांसाठी नव्हे, तर मंजूर झालेला लोगो नेमका कोणता हे पाहण्यासाठी ॲप उघडतो. म्हणून संभाषण त्या त्या फाइललाच जोडा आणि आवृत्ती, मंजुरी देणाऱ्याचे नाव व वापराची मुदत फाइलवर ठळक दिसू द्या. माझ्या एका जुन्या कामात ‘अंतिम’, ‘अंतिम २’ आणि ‘खरोखर अंतिम’ अशा तीन फाइली एकाच चॅटमध्ये फिरत होत्या आणि छपाईला नेमकी मधली गेली.

वेळेबाबत विशेष काळजी घ्या. सर्व्हरवर वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर आधार मानल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत, साठवा आणि वाचणाऱ्याला ती त्याच्या स्थानिक वेळेत दाखवा. फरक पूर्ण तासांचाच असतो असे गृहीत धरू नका, कारण भारताची वेळ यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटे, तर नेपाळची ५ तास ४५ मिनिटे पुढे आहे. ‘०३/०४’ ही तारीख अमेरिकेत ४ मार्च आणि ब्रिटनमध्ये ३ एप्रिल अशी वाचली जाते, तेव्हा महिना अक्षरांत लिहा. रात्रीच्या सूचना मुळातच बंद असाव्यात. तातडीचा संदेश पाठवण्याचा अधिकार मोजक्यांनाच द्या, नाहीतर आठवडाभरात सगळेच तातडीचे होऊन बसते.

बटणांत मोकळी जागा सोडा, कारण इंग्रजीतील छोटा शब्द जर्मनमध्ये अनेकदा लांबतो. अरबीसाठी तर मांडणीच उजवीकडून डावीकडे फिरवावी लागते.