शायेनचे विमान मुलीच्या हातून पडले नव्हते

प्रश्न : सात वर्षांची एक मुलगी विमानाने अमेरिका ओलांडायला निघाली आणि उड्डाणानंतर लगेच तिचे विमान कोसळले, असे पूर्वी वाचल्याचे आठवते. एवढ्या लहान मुलीच्या हाती विमान दिल्यामुळेच तो अपघात झाला का? आणि छोटी विमाने जमीन सोडताच का कोसळतात?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आपण म्हणता ती मुलगी जेसिका डबरॉफ. १० एप्रिल १९९६ रोजी ती वडील लॉइड डबरॉफ आणि प्रशिक्षक जो रीड यांच्यासह कॅलिफोर्नियातील हाफ मून बे येथून चार आसनी सेस्ना विमानाने निघाली. समोरचे दिसावे म्हणून तिला आसनावर उशी घ्यावी लागे आणि पाय पोहोचावेत म्हणून पेडलना जोड बसवलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी वायोमिंगमधील शायेन विमानतळावरून उड्डाण केल्यावर काही क्षणांतच विमान जवळच्या वस्तीतील रस्त्यावर कोसळले आणि तिघेही मृत्युमुखी पडले.

मात्र त्या वेळी विमान जेसिका चालवत नव्हती. अधिकृत चौकशीचा निष्कर्ष असा की, सुकाणू रीड यांच्या हाती होते आणि उड्डाणाचा निर्णयही त्यांचाच होता. तरीही लोकांच्या स्मरणात दोष मुलीच्या माथी राहिला आहे, हे मला फार अन्यायाचे वाटते.

आता आपला दुसरा प्रश्न. पंखांवरून हवा नीट वाहत राहिली तरच विमानाला उचल मिळते. जमीन सोडल्यावर वेग जेमतेम असतो; अशा वेळी नाक जास्त वर उचलले गेले किंवा तिरके वळण घेताना वेग आणखी घटला, तर हवा पंखाला धरून वाहायची थांबते आणि इंजिन व्यवस्थित चालू असतानाही उचल एकाएकी ढासळते. वैमानिक याला ‘स्टॉल’ म्हणतात. त्यातून सावरण्यासाठी नाक खाली करून वेग मिळवावा लागतो, पण खाली दोन-चारशे फूटच उरले असतील तर तेवढी जागाच नसते.

शायेनला तर सगळेच प्रतिकूल जुळून आले. विमानतळ ६,१५६ फुटांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही उंच आहे. तिथल्या विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते आणि विमान सावकाश चढते. रीड यांचा सराव मात्र समुद्रकाठच्या हाफ मून बेचा. विमानात मर्यादेपेक्षा ९६ पौंड, म्हणजे सुमारे ४४ किलो, वजन जास्त होते. त्यात गडगडाटी वादळ विमानतळाच्या अंगावर येत होते, पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुरू होता, आणि आधी निघालेल्या एका वैमानिकाने वाऱ्याचा वेग एकदम बदलत असल्याचे कळवलेही होते. तास-दोन तास थांबले असते तर काय बिघडले असते? पण प्रवासाचे वेळापत्रक अतिशय घट्ट होते, वृत्तवाहिन्यांना वेळा दिलेल्या होत्या, आणि ते पाळण्याची ओढ अपघातास हातभार लावणारी ठरली, असे चौकशी अहवालात स्पष्ट नोंदवलेले आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत कायदा झाला. त्यानुसार परवाना नसलेली व्यक्ती विक्रम करू पाहत आहे, हे ठाऊक असताना वैमानिकाने तिच्या हाती सुकाणू देण्यास मनाई आहे. प्रशिक्षकाशेजारी बसून विमान शिकण्यास मात्र मुलांना आजही तिथे मज्जाव नाही.