केदारकंठ्याला जाताना फ्लीस पातळ घ्यावं की जाड?

प्रश्न: दादा, डिसेंबरच्या शेवटी आम्ही मैत्रिणी उत्तराखंडात केदारकंठा शिखराच्या ट्रेकला जातोय, त्याआधी सरावाला खेडचे रसाळगड-सुमारगड-महिपतगड करणार. मी गुहागरची, आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे चादर ओढायची एवढीच. हलकं, सॅकमध्ये मावणारं फ्लीसचं, म्हणजे लोकरीसारख्या मऊ, केसाळ कापडाचं जॅकेट घ्यायचंय, पण दुकानदार म्हणतो बर्फात जाताय तर जाडच घ्या. काय करू? आणि पावसाळ्यात कपाटात बुरशी धरेल का?

उत्तर: पातळच घ्या. फ्लीसवर १००, २००, ३०० जीएसएम असा आकडा असतो, तो एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन सांगतो, अख्ख्या जॅकेटचं नाही. १०० वालं जॅकेट साइजप्रमाणे साधारण २०० ते ३०० ग्रॅम भरतं, ३०० वालं अर्धी सॅक खाऊन बसतं. शिवाय जाड फ्लीस घालून चढायला लागलात की लगेच घामाच्या धारा, मग काढा, कमरेला बांधा, थांबलं की परत घाला, हेच दिवसभर. पातळ असलं की अंगावर ठेवूनच चालता येतं.

त्यातही आतून चौकटी-चौकटींचं ग्रिड फ्लीस मिळालं तर बघाच. उंचवट्यांत गरम हवा अडकते आणि मधल्या पातळ रेघांतून घामाची वाफ बाहेर पडते. दुकानात कापड तोंडाला लावून जोरात फुंकर मारा, पलीकडे तळहाताला वारा लागला पाहिजे. चालताना हाच त्याचा गुण आणि थांबल्यावर हाच दोष. महिपतगड तीन हजार फुटांच्या आसपास आहे, वर पोचून सॅक उतरवली की घामाने भिजलेल्या पाठीला वारा असा भिडतो की नुसत्या फ्लीसने काही होत नाही, वरून पातळ विंडचीटर लागतोच लागतो. ही जोडी जमली की जाड फ्लीसची गरज उरत नाही. आतला टीशर्ट मात्र कॉटनचा नको, तो भिजला की वाळत नाही. फ्लीस पॉलिएस्टरचं, धागा पाणी जवळपास पीतच नाही, म्हणून दमट हवेतही झटकून वाळत घातलं की लवकर सुकतं.

आता केदारकंठा. तो साडेबारा हजार फूट, डिसेंबरात रात्री पारा शून्याखाली जातो, तिथे कॅम्पवर बसायला वेगळं पफर, म्हणजे आत भराव असलेलं फुगीर जॅकेट पाहिजेच. विकत घेणार असाल तर सिंथेटिक भरावाचं घ्या, पिसांचं ओल धरलं की बसतं आणि आपल्या किनाऱ्यावर ओल कुठे नाही! एकाच ट्रेकपुरतं हवं असेल तर भाड्याने घ्या.

घालून बघताना दोन्ही हात वर करा, जॅकेट कमरेच्या वर सरकलं तर ते नको, सॅकच्या पट्ट्याखाली गोळा होतं. झिप पूर्ण उघडणारी असावी आणि वर हनुवटीला टोचू नये. हूड नसला तरी चालेल, कानटोपी न्या. छोट्या पाउचमध्ये मावतं या जाहिरातीवर जाऊ नका, फ्लीस पफरइतकं कधीच दबत नाही, ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून सॅकमधल्या फटींत कोंबा. आणि गडावर शेकोटीपासून लांब बसा हो, एक ठिणगी उडाली तरी कापड वितळून भोक पडतं.

बुरशी पॉलिएस्टरला सहसा धरत नाही, त्यातल्या घामाला आणि मळाला धरते. म्हणून जूनच्या आधी थंड पाण्यात, उलटं करून, साध्या साबणाने धुवा, फॅब्रिक कंडिशनर नको, इस्त्री तर अजिबात नको. पूर्ण सुकल्याशिवाय कपाटात ठेवू नका आणि गणपती गेले की एकदा बाहेर काढून हवा लागू द्या. एरवी उगाच दर वेळी धुऊ नका, धुताना त्याचे बारीक तंतू सुटतात आणि ते शेवटी आपल्याच खाडीत जातात.