पहिल्या मिस इंडिया कोण होत्या? त्या 'चांगल्या घरच्या' होत्या का?

तुमची पुतणी छत्रपती संभाजीनगरला कॉलेजात शिकते आणि मिस इंडियाचा फॉर्म भरायचा म्हणते. घरातले वडीलधारे मात्र अडून बसलेत, की चांगल्या घरच्या पोरी असल्या ठिकाणी जात नसतात. म्हणून तुम्ही विचारलंत, की या स्पर्धेत पहिल्यांदा गेलेल्या बाया होत्या तरी कोण. मी परभणीत स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. हा विषय विद्यार्थिदशेपासून माझ्या मनात आहे, म्हणून जरा लांबण लावते.

पहिली मिस इंडिया १९४७ची, प्रमिला. हे सिनेमातलं नाव. खरं नाव एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम, कोलकात्याच्या बगदादी ज्यू घराण्यातली. ज्यू मुलांच्या शाळेत त्या शिक्षिका होत्या. सुरुवातीला एका फिरत्या पारशी नाटक कंपनीत त्यांनी नाच केला. सिनेमाचं रीळ बदलायला वेळ लागायचा, तेवढ्यात प्रेक्षक उठून जाऊ नयेत म्हणून पडद्यापुढं नाचायचं, हे काम. नंतर स्टंटपटांत घोडेस्वारी-मारामारी, खलनायिकेच्या भूमिका, आणि पुढं सिल्व्हर प्रॉडक्शन्स नावाची स्वतःची निर्मितीसंस्था. किताब मिळाला तेव्हा तिशीची, लग्न झालेली, लेकुरवाळी बाई होती ती. पाकिस्तानात सारख्या फेऱ्या होतात म्हणून हेरगिरीच्या संशयावरून त्यांना अटकही झाली. त्या जात होत्या आपल्या सिनेमांच्या धंद्यासाठी. नवरा कुमार, तोही नट, १९६३मध्ये पाकिस्तानात निघून गेला. या इथंच राहिल्या आणि लेकरं वाढवली. लेक नकी जहाँ १९६७ला मिस इंडिया झाली. आई आणि लेक दोघींच्या डोक्यावर तोच मुकुट.

त्या १९४७ साली आपला मराठवाडा 'इंडिया'त नव्हताच, निजामाच्या राज्यात होता. पोलीस ॲक्शन होऊन १७ सप्टेंबर १९४८ला आपण मोकळे झालो. माझी आजी हिंगोलीकडची. रझाकारांच्या भीतीनं बायालेकरांना बैलगाडीत घालून रातोरात निजामाच्या हद्दीबाहेर, वाशिमकडं कसं नेलं, ते ती सांगायची. तिच्या कानावर मिस इंडिया हा शब्द पडायला किती वर्षं लागली असतील, याचा मी कधीकधी विचार करते.

'चांगल्या घरच्या' या शब्दांविषयी. सिनेमा आला तेव्हा पडद्यावर यायला आपल्याकडच्या बाया तयार नव्हत्या. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये १९१३ला तारामती साळुंके नावाच्या पुरुषानं केली. ती जागा पुढं बऱ्याच अंशी ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुलींनी भरून काढली, कारण घराबाहेर काम करण्याला त्यांच्या समाजात तेवढा धाक नव्हता. म्हणजे घर वाईट होतं असं नाही, घराचं दार थोडं उघडं होतं.

१९५२ची इंद्राणी रहमान. पहिली मिस युनिव्हर्स स्पर्धा त्याच वर्षी अमेरिकेत लाँग बीचला झाली, तिथं भारताकडून त्या गेल्या. तेव्हा एकविशीत होत्या आणि एका मुलीच्या आई होत्या. वास्तुरचनाकार हबीब रहमान यांच्याशी लग्न झालं ते पंधराव्या वर्षी. आई रागिणीदेवी मूळची अमेरिकन नर्तकी, तिचंही जन्मनाव एस्थर, हा एक योगायोग. इंद्राणी भरतनाट्यम, कुचिपुडी, कथकली शिकल्या. ओडिसी नाच ओडिशाबाहेर आणि मग देशाबाहेर नेणाऱ्यांत त्यांचं नाव फार वरचं आहे. १९६९ला पद्मश्री मिळाली ती नाचासाठी. आजच्या फेमिना मिस इंडियाला अविवाहित असण्याची अट आहे. प्रमिला आणि इंद्राणी आज आल्या असत्या तर फॉर्मवरच अडल्या असत्या.

१९५४च्या लीला नायडू, 'अनुराधा' सिनेमातल्या नटी. त्यांच्या नावापुढं लोक 'फेमिना मिस इंडिया' लिहितात, ते चूक. फेमिना मासिकच १९५९ला निघालं. त्यांची स्पर्धा सुरू झाली १९६४ला आणि पहिल्या विजेत्या मेहर मिस्त्री, पुढं मेहर कॅस्टेलिनो म्हणून फॅशनवर लिहिणाऱ्या. ईव्हज वीकली या बायकांच्या दुसऱ्या नियतकालिकाची स्पर्धा वेगळी. म्हणून एकाच वर्षी दोन-दोन मिस इंडिया सापडतात, गोंधळून जाऊ नका.

आता रीता फारिया. ऐंशीच्या दशकात मी अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात होते. लेडीज होस्टेलमध्ये एका सीनियरनं तिच्या कपाटाच्या दाराला आतून एका मासिकातलं कात्रण चिकटवलं होतं: मुकुट घातलेली एक सावळी, उंच मुलगी. मी विचारलं, ही कुठली नटी? ती म्हणाली, "नटी नाही गं, डॉक्टर आहे." मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकणारी गोव्याच्या कुटुंबातली ही मुलगी १९६६ला लंडनला गेली आणि मिस वर्ल्ड झाली. आशियातून पहिली. जाताना पुरेसे कपडेसुद्धा नव्हते. पोहण्याचा पोशाख आदल्या वर्षीची मिस इंडिया पर्सिस खंबाटा हिच्याकडून मागून नेलेला. त्या नाताळात अमेरिकन विनोदी नट बॉब होपबरोबर व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांपुढं गेल्या, त्यावरून आपल्याकडं टीका झाली. वर्षभराचा करार संपला, तशी सिनेमा-मॉडेलिंग बाजूला ठेवून त्या पुन्हा अभ्यासाला बसल्या, लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात. पुढं डब्लिनला डॉक्टरकीच केली. मी सेकंड इयरला पॅथॉलॉजीत अडकले होते, तेव्हा त्या सीनियरच्या खोलीत बसून वाचायची. दार उघडलं की तो फोटो दिसायचा. त्याचा मला आधार वाटायचा, हे मी आज पहिल्यांदाच लिहितेय.

मला या स्पर्धांतलं सगळंच पटतं असं नाही. उंची, कंबर मोजून माणसाला गुण द्यायचे, हे मला अजून बोचतं. आणि वर सांगितलेल्यांत मराठी माध्यमातून शिकलेली, तालुक्याच्या गावातून आलेली एकही नाही, हेही खरं. पण तुमच्या घरच्यांना एक विचारा. मुलगी पाहायला पाहुणे येतात तेव्हा आपणच म्हणतो ना, चप्पल काढून उभी राहा, जरा चालून दाखव? माझ्याकडं येणाऱ्या कित्येक पोरींनी तेरा-तेरा वेळा ते केलंय. तेव्हा कुणाला घराण्याची आठवण होत नाही.

तर उत्तर हे, की त्या शिक्षिका, निर्मात्या, नर्तकी, डॉक्टर होत्या. बऱ्याच जणींच्या हातात मुकुटाआधी काम होतं आणि मुकुटानंतरही राहिलं. पुतणीला फॉर्म भरू द्या. फक्त जिल्ह्याच्या गावी हॉटेलात 'ऑडिशन' घेऊन आधी पैसे मागणारे बरेच फिरतात, त्यांच्यापासून जपा. अर्ज मूळ स्पर्धेच्या संकेतस्थळावरूनच भरा, नियम सगळे वाचा, आणि तारीख तिच्या परीक्षेच्या आड येत नाही ना, एवढं पाहा. मुंबईला जायची वेळ आली तर तुम्ही स्वतः सोबत जा. काका बरोबर आहे म्हटल्यावर घरातलाही विरोध थोडा निवळेल.